तालमीतला आमचा खिळा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या वर्गात गेलो होतो, पण बसलो नाही. त्यामुळं या लिहिण्यात चुका निघतील, त्या ज्याला काढायच्या त्यानं काढाव्यात. फुटबॉलातल्या मात्र काढू नयेत. गुडघा जाईपर्यंत मी आमच्या पेठेच्या तालमीकडून बॅकला खेळलो. मला चुकवून कधी बॉल गेला असेल, कधी माणूस गेला असेल. दोन्ही मिळून कधी गेले नाहीत.

आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पेठेची तालीम, तालमीचा फुटबॉल संघ, आणि ज्या गल्लीत जन्मलो त्या तालमीचा रंग. पोरीचं स्थळ चार ठिकाणी चौकशी करून ठरवतात, रंगाची चौकशी लागत नाही. आमचा तांबडा-काळा. शेजारच्या पेठेचा निळा-पिवळा. मध्ये फक्त एक रस्ता आहे. तो ओलांडून मी दवाखान्यात गेलोय, लग्नाला गेलोय, मयतीला गेलोय. त्यांच्या तालमीत पाय ठेवला नव्हता.

आमच्या तालमीत आतल्या भिंतीला खिळ्यांची एक ओळ आहे. संघात आलेल्या गड्यानं आपला खिळा आपल्या हातानं ठोकायचा आणि त्यावर बूट अडकवायचे. त्याचं खेळणं सुटलं तरी खिळा त्याच्या घराचाच राहतो. पुढं भाऊ खेळला तर भावाचा, पोरगा खेळला तर पोराचा. माझा खिळा दारापासून दुसरा. मामा उद्यमनगरला फौंड्रीत होता, त्यानं तो मला करून दिलेला, चौकोनी डोक्याचा. माझ्या मुलाला खेळाचा नाद लागला नाही. तो कबनूरला लूमवर असतो, राहायलाही तिकडंच. तेवढी सगळी वर्षं खिळा रिकामा होता, पण त्याच्यावर कुणी साधा टॉवेल टाकला नाही.

मग नातू मोठा झाला. तो शिकायला म्हणून आमच्याजवळ राहिला तो राहिलाच. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर कामाला जातो आणि माझ्याच जागेवर, बॅकला खेळतो. त्यानं आमच्या खिळ्याला पहिल्यांदा बूट अडकवले त्या दिवशी मी घरी येऊन दोन्ही म्हशींना जादा पेंड घातली. म्हातारी विचारत होती, आज काय सण हाय काय. मी सांगितलं नाही.

म्हशी सांगायच्या राहिल्या. संध्याकाळी मी त्यांना चौकातल्या दूधकट्ट्यावर नेतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो. पाणी घातलं की नाही असा संशय घ्यायला मी जागाच ठेवत नाही. दुसऱ्यांनीही माझ्यासाठी ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं असतं.

तर अमेरिकेत क्लबांचा वर्ल्ड कप झाला ते दिवस. आमच्याकडं पाऊस लागलेला. काही सामने आपल्याकडच्या सकाळी दिसायचे. नातू माझ्याबरोबरच उठायचा, गोठ्यात दुधाच्या कॅनला मोबाइल टेकवून ठेवायचा आणि मी धार काढत काढत बघायचो. देशांचा नाही, क्लबांचा आहे, असं त्यानं सुरुवातीलाच सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे जगातल्या तालमी एका ठिकाणी आल्यात. मला बरं वाटलं. प्रत्येक ठिकाणची पेठ कशी असेल, गल्ल्या कशा असतील, असा विचार करत मी बघायला लागलो. एक गोरा गोलकीपर फार चांगला होता.

"ह्यो त्यांच्याच गावचा न्हवं?" मी विचारलं.

"न्हाई आबा. त्यो दुसऱ्या देशातला."

"आन बॅक?"

"त्योबी भाईरचा."

"मग गावची पोरं कुठं गेली?"

"बाकावर असंल की एखादं."

तिथं माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. गोलकीपर एका देशाचा, बॅक दुसऱ्या, पुढचे गडी तिसऱ्याच, आणि गावचं पोरगं बाकावर. मग ते हजारो लोक रंगीत कपडे घालून ओरडत होते ते कुणासाठी? त्यांना फसवलं होतं की त्यांनीच फसवून घेतलं होतं, हे मला समजेना. आणि एकदा शंका आली की पुढचं सगळंच तसं दिसायला लागतं. गड्यांना एकेक करून नाव पुकारत मैदानात सोडत होते, फडात पैलवान सोडावा तसं. ज्याला गल्लीत नावानं ओळखतात त्याचं नाव पुकारायला कशाला लागतंय? पंचाच्या कानाजवळ कॅमेरा होता. म्हणजे पंच आपल्याला त्याला दाखवायचं तेवढंच दाखवणार. एका सामन्यात तर लांब कुठंतरी वीज चमकली म्हणून सगळ्यांना आत नेऊन बसवलं. मैदान कोरडं होतं. आम्ही गुडघाभर चिखलात खेळलोय, बॉल कुठला आणि ढेकूळ कुठलं कळायचं नाही.

त्या सगळ्यात मला पटला असा एकच संघ होता, कुठल्यातरी बेटावरचा. नातवानं सांगितलं की त्यातली बरीच पोरं नोकरीधंदा करून खेळतात. कुणी शाळेत शिकवतो, कुणी दुकानात असतो, कुणी रजा टाकून आलाय. मोठ्या संघानं त्यांना पार तुडवलं. गोलावर गोल पडत होते, तरी बॅकची पोरं प्रत्येक वेळी बॉल आणून मध्ये ठेवत होती आणि पुन्हा उभी राहत होती. मी धार थांबवून बघत राहिलो. नातू हळू आवाजात म्हणाला, "नोकरी करून खेळणाऱ्याचं असंच असतंय, आबा."

त्याचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही. पण तेव्हा मी अमेरिकेवर संशय घेण्यात गुंतलो होतो.

त्याच आठवड्यात तालमीच्या कट्ट्यावर हा विषय निघाला आणि मी बोललो. ते क्लब नव्हेत, ती विकत आणलेली वरात आहे, नवरदेवसुद्धा भाड्याचा, असं म्हणालो. पोरं हसली. आमचे अध्यक्ष तिथंच होते. माणूस तसा माझ्या मुलाच्या वयाचा, राजारामपुरीत फ्लॅट बांधून विकतो, तालमीला हात सैल सोडून देतो. तो म्हणाला, "आबा, जिंकायचं तर चांगला गडी आणायलाच लागतोय की."

मी म्हटलं, "आज गडी आणशील, उद्या बाप आणशील."

सगळे खो खो हसले. अध्यक्ष हसला नाही, मोबाइलमध्ये बघत राहिला. मला वाटलं, गप्प केला. घरी येताना मी छाती काढून आलो.

दोन दिवसांनी सकाळी दारात येऊन बघतो तर गल्लीत चार माणसं थांबलेली. सगळे आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघत होते. तारेवर माझ्या धोतराशेजारी निळा-पिवळा शर्ट. म्हातारीनं धुऊन, चिमटा लावून, रस्त्याकडं तोंड करून घातलेला. मी तो ओढून आत नेला आणि नातवाला उठवला. तो म्हणाला, हा त्या वर्ल्ड कपमधल्या एका क्लबचा शर्ट आहे, शेजारच्या पेठेचा नाही. कापडावर त्यांचं चिन्हही दाखवलं.

"जगात त्यास्नी दुसरा रंग घावला न्हाई?" मी विचारलं. "आन तांबड्या-काळ्याचाबी एक संघ हुता की तिथं. मी बघितलाय. त्यो का न्हाई घेतलास?"

"त्यो दुकानात संपलाता."

आता सांगा, यावर कुणाचा विश्वास बसेल? तिकडं स्पर्धा संपली, कुणीतरी जिंकलं, मी विचारलंही नाही. कारण इकडं आमचे नोंदणीचे दिवस जवळ आले होते. कुठला गडी या वर्षी कुणाकडून खेळणार हे त्या दिवसांत पक्कं होतं, आणि त्याच दिवसांत गडी फुटतात. आमच्या वेळी असा संशय आलेल्या गड्याला मावशीच्या गावाला नेऊन ठेवायचे, नोंदणीपर्यंत. माझ्या घरात मला असं काही करायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. पण नातू गोठ्यात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायचा आणि मी आलो की म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बसायचा. म्हशीला तो हात ओळखीचा नव्हता, तिनंही अंग चोरलं.

भरीत भर म्हणजे शेजारच्या पेठेतला एक म्हातारा माझ्या दूधकट्ट्यावर यायला लागला. तो त्यांचा विंगला खेळायचा. तरुणपणी मी त्याला इतक्या वेळा आडवा केलाय की त्याच्या नडगीवर माझ्या बुटाचे वण अजून असतील. आयुष्यभर त्यानं माझ्या म्हशीचं दूध घेतलं नव्हतं. आता एक दिवसाआड यायचा, ग्लास रिकामा करायचा, मिशी पुसायचा आणि उगाच उभा राहायचा. एकदा म्हणाला, तुझा नातू तुझ्यापेक्षा चांगला खेळतोय. शत्रूनं घरातल्या पोराचं कौतुक केलं की समजावं, त्याचं माप घेऊन झालं.

मी म्हातारीला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "संशय खाल्ल्याबिगर तुमास्नी जेवण जात न्हाई."

पण मग मला त्याच्या कॉटखाली पिशवीत बूट सापडले. चिखल पुसलेले, नाड्या गुंडाळून आत घातलेल्या. आमच्या घरी बूट येत नाहीत, ते तालमीत खिळ्यावर असतात. खिळ्यावरून बूट घरी आणायचे एकच कारण असतं. मी त्या दिवशी दुपारचं जेवलो नाही.

संध्याकाळी दूधकट्ट्यावर गर्दी होती. नातू कामावरून परस्पर तिथं आला, आणि तो विंगवाला म्हाताराही ग्लास धरून उभा. दोघांनी एकमेकांकडं बघितलं ते मी बघितलं. मग मला राहवलं नाही. धार अर्धी सोडून उठलो आणि सगळ्यांच्या देखत बोललो. घरात निळा-पिवळा शर्ट आला तेव्हाच मला कळलं होतं, म्हणालो. ज्या तालमीत तुझ्या आज्याचा खिळा हाय तिथनं रातोरात बूट काढून नेतोस, आन गिऱ्हाईक माझ्याच म्हशीपुढं आणून उभं करतोस. आणखीही बोललो, ते लिहीत नाही.

पोरगं मान खाली घालून ऐकत होतं. माझा दम संपला तेव्हा त्यानं वर बघितलं.

"तालमीत जाऊन खिळा बघा, आबा. मग बोला."

एवढंच म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. विंगवाल्या म्हाताऱ्यानं ग्लास खाली ठेवला. त्यात दूध शिल्लक होतं.

गुडघ्यामुळं मी अलीकडं तालमीच्या बाहेरच्या कट्ट्यावरच बसायचो, आतल्या पायऱ्या उतरत नव्हतो. त्या संध्याकाळी म्हशी शेजाऱ्याच्या हवाली केल्या आणि उतरलो. आत दिवा लागलेला. दारापासून दुसरा खिळा. चौकोनी डोक्यावर बूट होते, पण आमचे नव्हते. पोपटी रंगाचे, नवेकोरे, माझ्या हाताच्या दीड वीत लांब. खाली सतरंजीवर एक परका गडी मोबाइल चार्जिंगला लावून बसला होता. उंच, दणकट, लांबून कुठून तरी आणलेला. मराठी त्याला येत नव्हतं. मला बघून उठला आणि हात जोडून "नमस्ते अंकल" म्हणाला.

मी त्याला खुणेनं विचारलं, कुठं खेळतोस. त्यानं छातीवर हात ठेवला आणि मागं, गोलच्या पुढं उभं राहिल्यासारखं केलं. बॅक.

अध्यक्षाला कुणीतरी बोलावून आणलं. तो पोटरीपर्यंत पँट दुमडून पावसातून आला. मी विचारलं, हे कधी ठरलं. तो म्हणाला, महिना झाला, कमिटीत ठरलं. नातवाला त्यानं स्वतः सांगितलं होतं, की तू शिफ्टमुळं सरावाला पुरा येत नाहीस, यंदा बाकावर बस, आणि भिंतीवर नव्या खिळ्याला जागा नाही, तेव्हा तुझा खिळा नव्या गड्याला दे. पोरगं बूट काढून घेऊन गेलं होतं.

"मला सांगायचं हुतं," मी म्हटलं.

"तुमचा नातूच म्हणाला, आबास्नी सांगू नका." मग तो म्हणाला, "आबा, तुमी वर्ल्ड कप बघितलासा की. जगात सगळीकडं असंच चालतंय. आपुनच मागं ऱ्हायचं व्हय?"

मला एकदम तो त्या दिवशीचा कट्टा आठवला. मी वरात म्हणालो तेव्हा सगळे हसले होते आणि हा मोबाइलमध्ये बघत होता. म्हणजे तेव्हाच ठरलं होतं. मी शेजारच्या पेठेवर संशय घेतला, अमेरिकेवर घेतला, घरातल्या पोरावर घेतला. आमच्या तालमीवर घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या परक्या गड्याचा यात दोष नव्हता. मी त्याचे बूट खाली काढले, पुसले आणि त्याच्या हातात दिले. मग कोपऱ्यातल्या पेटीतून खिळे उपटायचा अंबूर घेतला आणि खिळा धरला. अध्यक्ष म्हणाला, आबा, काय करताय, भिंत फुटंल. फुटली तर फुटू दे म्हटलं, भिंत तुमची हाय, खिळा माझा. तो एवढी वर्षं आत बसलेला, सहज निघेना. पोरं बघत होती, कुणी पुढं आलं नाही. शेवटी त्या परक्या गड्यानंच माझ्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ओढला. गिलाव्याचा एक पापुद्रा घेऊन खिळा बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी विंगवाला म्हातारा कट्ट्यावर आला. मी त्याला ग्लास दिला नाही, आधी विचारलं.

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय," तो म्हणाला. "तुला सांगायला म्हणून येत हुतो. तुजं तोंड बघून दूध पिऊन जात हुतो."

मग त्यानं सांगितलं. नातवाला बसवलं हे समजल्यावर त्यांच्या तालमीनं त्याला बोलावलं होतं. पोरगं फोनवर दर वेळी तेच सांगायचं, की आबांना विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही, आणि आबांना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. नोंदणीचा शेवटचा दिवस परवावर आला होता. म्हातारा हे बोलत असताना मी त्याच्या डोळ्यांकडं नीट बघत होतो. खोटं बोलताना तो डावा खांदा पाडतो, मैदानावरसुद्धा पाडायचा. खांदा सरळ होता. मी त्याला ग्लास दिला. पूर्ण भरून.

रात्री जेवण झाल्यावर नातवाला विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "तुमी भांडून जागा परत आणली असती. भांडून आणलेली जागा मला नको हुती."

मीही असाच आहे. कट्ट्यावर बोललेलं मी मागं घेतलं नाही, त्यानंही मागितलं नाही. खिशातून खिळा काढला आणि त्याच्या हातात दिला. थोडा वाकला होता, तो मी दुपारी दगडावर ठेवून सरळ केला होता.

"जिथं खेळशील तिथं ठोक," म्हटलं. "पण भिंत बघून ठोक."

त्यानं खिळा हातात फिरवून बघितला. म्हातारी भांडी घासता घासता थांबली होती, ती पुन्हा घासायला लागली.

नोंदणी झाली. त्यानंतर एका रविवारी तो म्हणाला, आबा, चला, खिळा बघायला. मी नको म्हटलं. मग म्हशींना पाणी पाजलं, धोतर बदललं आणि निघालो. तो रस्ता ओलांडताना दोन्हीकडच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघत होते. बघू देत. आमच्या तालमीच्या कट्ट्यावरची पोरं उठून उभी राहिली, मी त्यांच्याकडं बघून मान हलवली. माझा रंग तांबडा-काळाच आहे, तो या वयात उतरत नाही. पण खिळा कुठं ठोकलाय हे बघणं माझं काम होतं.

त्यांची तालीम आमच्यापेक्षा रुंद आहे, उजेड जास्त आहे. हे मी तिथं बोललो नाही. विंगवाला म्हातारा दारातच होता. खिडकीशेजारच्या भिंतीवर चौकोनी डोक्याचा खिळा दिसला, त्यावर नातवाचे बूट. मला भिंत नवीन गिलाव्याची वाटली. नवा गिलावा धरत नाही. मी बूट उतरवून ठेवले, खिळा दोन बोटांत धरला.

म्हातारा म्हणाला, "हलवून बघ की, पावणं."

मी हलवला. हलला नाही. नातू माझ्याकडं बघत होता. मी बूट परत अडकवले, दोन पावलं मागं आलो, आणि मग पुन्हा पुढं जाऊन बूट काढले व आणखी एकदा हलवून बघितला.